दर्याभवानीचं माहेर

आमच्या ह्यांना कुणी "काय हो, अलिबागहून आलात का?" असं विचारलं, तर हे छाती पुढे काढून "हो, आलोय!" म्हणतात. बाकीचं जग जे वाक्य अपमान समजतं, ते ह्यांना कौतुक वाटतं. मी साताऱ्याची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या भावांनी पोट धरधरून हसून घेतलं होतं, आणि मी मेली ह्यांची बाजू घेऊन भांडले होते. आता पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजच्या डोंगरात इतकी वर्षं काढली, समुद्र इथून कुठल्या कुठे, तरी ह्यांच्या तोंडी भरती-ओहोटी असतेच. फ्रिजमधलं दूध संपत आलं तरी "सुमित्रा, ओहोटी लागली गं" म्हणून हाक मारतात. लहानपणी ओहोटीच्या वेळी चालत कुलाबा किल्ल्यात जाऊन तोफांवर बसायचे म्हणे. ते बसणं अंगात भिनलंय. कुठल्याही विषयावर बोला, दहाव्या मिनिटाला कान्होजी आंग्र्यांचं आरमार शिडं उभारून हजर!

हे सांगायचं कारण म्हणजे १९८६ सालचा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक तोफ आली, आणि तिच्यापायी माझ्या मुलीचं लग्न अडकलं.

त्या शनिवारी गिरीश येणार होता. गिरीश म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत मेटलर्जीची पीएच.डी. संपवत आलेला नागपूरचा मुलगा. आमच्या दीपाशी त्याचं जमलं होतं. दीपा इथेच जन्मली, इथल्याच शाळेत पोरांना बँड शिकवायची. सुरुवातीला मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण जन्मात कढईला हात न लावलेली मुलगी एकदम भरली वांगी कशी करतात विचारायला लागली, की आईला वेगळं सांगावं लागत नाही. ह्यांना मात्र पत्ताच नव्हता. ह्यांच्या मते ग्रॅज्युएट स्टुडंट म्हणजे लोकांच्या घरी जेवून वर डबा भरून नेणारी जमात. त्यातून गिरीशला नोकरी लागली होती प्लेनोला, म्हणजे पार टेक्सासात, आणि ऑक्टोबरात निघायचं होतं. त्याआधी त्यानं ह्यांना विचारायचं, असं आमचं तिघांचं ठरलं. दीपा फणकारली होती, "आय ॲम नॉट अ लायब्ररी बुक, आई. विचारून न्यायला!" पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती, हेही तिनंच सांगितलं होतं.

तर गिरीश इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ केलेलं वाक्य ओठांशी धरून आमच्या ड्राइव्हवेत उभा, आणि तेवढ्यात ह्यांची स्टेशन वॅगन आली. हे उडी मारून उतरले. घामाघूम, केसांत गवत.

"अरे, बरा भेटलास! ये, शेपटी धर."

"काका, मला तुमच्याशी जरा..."

"आधी शेपटी धर रे!"

वॅगनच्या मागच्या भागात, आमच्या कँपिंगच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, लहान मुलाच्या उंचीची हिरवट-तपकिरी तोफ होती. दोघांनी कण्हत कण्हत ती उचलून गॅरेजमध्ये ठेवली. गिरीशच्या शर्टाचं पोतेरं झालं. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं, देव जाणे.

ती तोफ ह्यांना बेलफोंटच्या रस्त्यावर एका शेतावर मिळाली होती. यॉडर नावाच्या म्हाताऱ्यानं गोठ्यातलं जुनंपानं विकायला मांडलं होतं, त्यात ही नांगराच्या फाळांशेजारी पडलेली. यॉडरचा भाऊ महायुद्धात नौदलात होता, त्यानं ती पॅसिफिकमधून आणलेली. म्हातारा एवढंच म्हणाला, ही ओरिएंटमधली आहे. झालं! "ओरिएंट म्हणजे कोण? आपणच की!" हे म्हणाले.

मग गॅरेजमध्ये ह्यांचं व्याख्यान झालं. तोफेच्या अंगावर खरंच फार देखणी नक्षी होती, खोटं कशाला बोलू! तोंडापाशी फुलं आणि वेलबुट्टी. मध्ये उचलायला दोन कड्या, त्या माशांच्या आकाराच्या, पाठीची कमान केलेल्या. खाली बेचकीसारखा आकडा, मागे पोकळ नळी. आणि दोन्हीकडे गोल फिरत गेलेली त्रिकोणांची रांग.

"हे त्रिकोण बघ, सुमित्रा! काय आहे हे?"

"त्रिकोण आहेत," मी म्हटलं.

"करवतकाठ! तुझ्या लुगड्याचा करवतकाठ आहे हा. तोफेवर लुगड्याचा काठ कोण कोरेल? ज्याच्या आईनं तो नेसला, तोच ना? आणि हे मासे बघ. सुरमई आहे, डोळ्यावरनं कळतं. बेचकी कशाला? गलबताच्या काठावर रोवायला! हे आंग्र्यांच्या आरमारातलं पितळ आहे, मी लिहून देतो."

एका बाजूला काहीतरी कोरलेलंही होतं, उर्दूसारखं. ते मी दाखवलं, तर म्हणाले, "त्या काळी फारसी चालायचीच कारभारात. उलट त्यानं तर सिद्धच होतं."

ह्यांना एकदा सिद्ध करायचं असलं की कशानंही होतं. मी हात टेकले. त्यांनी त्याच संध्याकाळी तोफेला हळदकुंकू वाहून तिचं नाव दर्याभवानी ठेवलं, आणि माझ्या नव्या टॉवेलनं तिला पुसायला घेतलं.

आता गंमत बघा. ज्या गिरीशकडे हे कधी ढुंकून बघत नव्हते, तोच एकदम ह्यांचा लाडका झाला. कारण काय, तर तो धातूवाला. "गिरीश, तू लॅबमध्ये तपास. गिरीश, तू सर्टिफाय कर. सुमित्रा, गिरीशला आणखी एक पोळी वाढ." त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हेच. गणपतीच्या कार्यक्रमात देवापुढे दर्याभवानी मांडायची, ह्यांनी आरमारावर बोलायचं, आणि शेवटी गिरीशनं स्टेजवर येऊन शास्त्रीय निर्वाळा द्यायचा, असं ठरलं. मंडळातल्या एकूण एक घरी फोन गेले.

मी मनात म्हटलं, चला, तोफ तर तोफ! एकदा त्यानं 'हो, आंग्र्यांचीच' म्हटलं की हे मुलगी देतील, वर वॅगनही देतील.

आणि एका दुपारी गिरीश माझ्याकडे लायब्ररीत आला. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काउंटरवर काम करते. चेहरा असा, जणू थिसिस हरवलाय.

"काकू, ती मराठी नाहीये."

"कोण?"

"तोफ!"

त्यानं तोफेचे फोटो काढून आपल्या टेबलावर चिकटवले होते. त्याच ऑफिसात झैनब नावाची मुलगी बसायची, मलेशियाची, म्हणजे तिकडच्या बोर्निओ बेटावरची. ती फोटो पाहून खो खो हसली आणि म्हणाली, माझ्या आजोबांच्या तोफेचा फोटो तू कशाला लावलास? त्रिकोणांची रांग त्यांच्या सरोंगवर, म्हणजे तिकडच्या लुंगीवरही असते म्हणे. मासे हे सुरमई नसून डॉल्फिन. बेचकी होडीच्या काठात रोवायला, हे ह्यांचं बरोबर निघालं. पण मागच्या पोकळ नळीत लाकडी दांडा घालून तोफ फिरवायची, ही खास तिकडची तऱ्हा. आणि ते कोरलेलं म्हणजे मलायी भाषा, अरबी लिपीत. त्यात काय लिहिलंय, तर तोफेचं वजन.

"नुसतं वजन?"

"नुसतं वजन, काकू. लॅबमध्ये मी धातूही तपासला. पण नुसत्या धातूवरून गाव कळत नाही. खुणांवरून कळतं, आणि खुणा सगळ्या तिकडच्या आहेत."

मी इकडेतिकडे पाहिलं. काउंटरवर कुणी नव्हतं. "हे बघ गिरीश, तू हो म्हणून टाक."

"काकू!"

"काय काकू? कुणाचं काय बिघडणार आहे? बोर्निओहून कुणी भांडायला येणार आहे का? तुला माझी मुलगी हवी आहे ना?"

"हवी आहे. पण अशी नाही."

संध्याकाळी दीपाला कळलं. ती माझ्यावरच उखडली. "आई, इफ ही लाइज टू बाबा, आय ॲम नॉट मॅरिंग हिम. पीरियड." आता सांगा! खरं बोलला तर बाप मुलगी देणार नाही, खोटं बोलला तर मुलगीच येणार नाही. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. आणि मी, ह्या सगळ्यांच्या मधे, मोदकांच्या पिठीची उकड काढत.

गिरीशनं प्रयत्न केला नाही असं नाही. तीनदा घरी आला. प्रत्येक वेळी "काका, त्या तोफेबद्दल" म्हणायचा अवकाश, हे दोन्ही हात वर करायचे. "नाही, नाही, मला सांगू नकोस! स्टेजवर सांग. मलाही सगळ्यांबरोबर ऐकायचंय." लहान पोरासारखे खूष.  मी एकदा जेवताना सुचवून पाहिलं, "अहो, समजा ती आंग्र्यांची नसली तर?" तर म्हणाले, "सूर्य पश्चिमेला उगवला तर?" आणि ताक प्यायला लागले.

गणपतीचा कार्यक्रम आम्ही रविवारी ठेवतो, कारण शनिवारी फुटबॉलची होम गेम असली तर गावात गाडी लावायला टीचभर जागा मिळत नाही. चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. मखराच्या शेजारी दर्याभवानी, लाल मखमलीवर, गळ्यात झेंडूचा हार. ह्यांनी ठेवणीतला कोट घातलेला. आणि काय बोलले म्हणून सांगू! मी इतक्या वर्षांत शंभरदा ऐकलेलं आरमार, पण त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला. पोरंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. टाळ्या थांबेनात. हे रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "आता आमचे शास्त्रज्ञ, चिरंजीव गिरीश!"

गिरीश माईकपाशी गेला. समोर एवढी माणसं, पण त्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो ह्यांच्याकडे वळला.

"काका, मला माफ करा. ही तोफ आपली नाही."

 मी आरतीचं तबक हातात घेऊन मखरापाशी उभी होते.

"हा काठ बघून मलाही पहिल्यांदा माझी आई आठवली. ती भंडाऱ्याची, करवतकाठीच नेसते. मलाही वाटलं, आपलीच आहे. पण काका, हे त्रिकोण, ह्या कड्या, ही मागची नळी, हे सगळं बोर्निओच्या बाजूचं आहे. फारसी वाटतं ते मलायी आहे. तुम्ही समुद्राचं म्हणालात, ते शंभर टक्के खरं. फक्त समुद्र दुसरा."

तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या मंडळाचा सेक्रेटरी विनय ओरडला, "म्हणजे काका, तोफ अलिबागहून आली नाही, फक्त तुम्हीच आलात!"

हॉल फुटला. सगळे हसले. बाया पदर तोंडाला लावून, पुरुष मांड्यांवर थापा मारत. मला असा संताप आला! ह्याच विनयच्या घराचे पाइप गोठले तेव्हा हेच धावत गेले होते, बर्फातून. वाटलं, तबक ठेवावं आणि जाऊन त्याच्या कानाखाली आवाज काढावा.

ह्यांचा चेहरा उतरला. पण आवाज चढवला नाही, की काही नाही. हार नीट केला, हात जोडले आणि म्हणाले, "आरतीला उशीर होतोय. सुरू करा."

परत निघताना हे एकटेच तोफ उचलायला गेले. उचलेना. गिरीश पुढे झाला, तर त्याच्याकडे न बघता, "राहू दे," म्हणाले आणि दुसऱ्या दोघांना हाक मारली. गाडीत मागच्या सीटवर दीपा मुसमुसत होती आणि मधूनच माझ्या खांद्याशी वाकून कुजबुजत होती, "ही डिड द राइट थिंग, आई. ही डिड." मी म्हटलं, "हो गं बाई, केलं राइट थिंग. आता बस त्या राइट थिंगशी लग्न करून."

पुढचा आठवडा विचारू नका. हे कामावरून आले की सरळ गॅरेजमध्ये. तोफेला पुसत नव्हते, की काही नाही. नुसते लाकडी स्टुलावर बसायचे, तिच्याकडे बघत. जेवायला बोलावलं की यायचे, मुकाट्यानं जेवायचे. दूध संपलं तरी ओहोटी लागली नाही. गिरीशचा फोन आला की माझ्या हातात रिसीव्हर देऊन निघून जायचे. पोराचं प्लेनोचं तिकीट निघालेलं. एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, तो तुमच्या तोंडावर खरं बोलला, हा काय त्याचा गुन्हा झाला?" तर म्हणाले, "मी काही म्हटलं का?" काही म्हणत नव्हते, हीच तर पंचाईत होती. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, आणि मोकळं झालं असतं.

त्या शुक्रवारी झैनब माझ्या काउंटरवर आली. डोक्याला फिकट निळा रुमाल, बारीक अंगाची, चष्मा. पुस्तक परत केलं आणि घुटमळली. म्हणाली, "आँटी, मला ती तोफ बघता येईल? मी तीन वर्षं घरी गेले नाहीये."

ते 'घरी' तिनं असं म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "ये बाई. तोफही गॅरेजमध्ये आहे आणि आमचे हेही. दोघांनाही बघून जा."

हे स्टुलावरच होते. पण पाहुणी म्हटल्यावर उठले, चहा घेणार का विचारलं, गॅरेजातली त्यातल्या त्यात धड खुर्ची पुढे केली. ती खुर्चीवर बसलीच नाही. जमिनीवर मांडी घातली आणि तोफेच्या पाठीवर तळवा ठेवला, गाईच्या ठेवतो ना, तसा. डोळे भरून आले तिचे. मग स्वतःशीच हसली. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, पण मी आपल्या भाषेत सांगते.

"अंकल, तुम्ही हिला हार घातला होता? गिरीश सांगत होता."

"घातला होता," हे ओशाळून म्हणाले. "माझी चूक झाली."

"चूक कशी? आमच्याकडेही हिला सजवतात की. लग्नात."

"लग्नात?" मी आणि हे एकदम.

मग ती सांगायला लागली. तिच्या गावी घरं पाण्यावर, लाकडी खांबांवर. पूर्वी अशा तोफा होड्यांवर असायच्या, चाचे आले की उडवायच्या. पुढे लढाया थांबल्या, पण तोफा राहिल्या, आणि लग्नात देणंघेणं त्यांचंच व्हायला लागलं. देणं कुणी द्यायचं? मुलीच्या बापानं नव्हे, मुलानं! मुलाच्या घरच्यांनी तोफ मुलीच्या बापाच्या दारात आणून ठेवायची. जितकी जड तोफ, तितका मुलीचा मान मोठा. म्हणून तर वजन कोरायचं. तिच्या आईच्या लग्नात वडिलांनी आणलेली तोफ अजून आजोबांच्या घरात आहे, लहानपणी ती पोरं तिच्यावर घोडा-घोडा खेळायची.

"म्हणजे आपल्याकडे सोनं तोळ्यावर घालतात, तसं," हे म्हणाले. आठवड्यात इतकं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. हे खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला. "हे वजन नक्की कुठनं वाचायचं? डावीकडून की उजवीकडून?"

तिनं बोट फिरवून दाखवलं. मग ह्यांनी विचारलं, तोफ होडीच्या पुढे लावतात की बाजूला? दोन्हीकडे. पाऊस कुठल्या महिन्यात? मासे कुठले? तिनं एका माशाचं वर्णन केलं, ह्यांनी हवेत त्याचा आकार काढला, म्हणाले, तो बांगडाच, दुसरा कुठला नव्हे. ती म्हणाली, तो वाळवून भाताबरोबर खातात. हे म्हणाले, मग आमच्याकडे काय करतात! मी चहा गरम करून आणला, तो परत गार झाला. अलिबागचा माणूस आणि बोर्निओची मुलगी, पेनसिल्व्हेनियातल्या गॅरेजात वाळलेल्या बांगड्यावर बोलतायत, आणि मी दाराशी उभी राहून पदरानं डोळे पुसतेय. काय म्हणावं ह्याला!

ती निघाली तेव्हा ह्यांनी विचारलं, "आणि मुलाकडे तोफ नसेल तर?"

"तर आमच्या गावात कुणाकडून तरी उसनी आणतात, अंकल. पण दारात तोफ आल्याशिवाय बाप हो म्हणत नाही."

"बरोबर आहे त्याचं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी स्वतः गिरीशला फोन लावला. "गाडी घेऊन ये," एवढंच. दीपा जिन्यात उभी, तिचा रंग उडालेला. मला वाटलं, झालं, आता ह्याला दाराबाहेरच ठेवणार.

गिरीश आला. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. ह्यांनी गॅरेजचं दार वर केलं आणि तोफेकडे बोट दाखवलं.

"ही घेऊन जा. मला इथे नकोय."

 तोफेबरोबर पोरालाही घालवतायत की काय!  दोघांनी मिळून ती उचलली, त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. ह्यांनी ब्लँकेट नीट खोचलं. दार लावलं. मग हात झटकत म्हणाले, "उद्या सकाळी परत आण."

"अं?"

"परत आण. पण रीतसर, पुढच्या दारानं. तुझे आईवडील नागपूरला, तेव्हा मोठं माणूस म्हणून त्या झैनबला बरोबर घे, तिला सगळं माहीत आहे. नारळ आण. आणि दाढी कर."

"काका, मला कळलं नाही."

"न कळायला काय झालं? पीएच.डी. झालास ना? दारात तोफ आल्याशिवाय मी मुलगी देत नसतो."

 दीपा जिन्यावरून धावत आली ती "बाबा! हाउ डिड यू नो?" करत ह्यांच्या गळ्यातच पडली. हे म्हणाले, "वांगी. तुझी आई इतकी वाईट भरली वांगी करत नाही." म्हणजे माहीत होतं! सगळं माहीत होतं ह्या माणसाला, आणि मी महिनोन्महिने मूग गिळून बसले होते!

गिरीश ड्राइव्हवेतच नमस्काराला वाकला. ह्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि सोडलंच नाही. खाली बघत, एकदम हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी हॉलमध्ये सगळे हसले. माझे इतक्या वर्षांचे मित्र हसले. तू नाही हसलास. मी बघत होतो."

गिरीश मान हलवून गाडीत बसला, नजर समोर नाही, आरशात, दीपावर. गाडी खर्रकन फुटपाथच्या कडेला घासली, आणि हे कोकणातल्या बंदरावर ओरडतात तसे दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अरे, हळू ने! माझ्या मुलीची तोफ आहे ती!"